मी सांगितलेलं शून्य

सुनंदा, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांत नेहमी सांगते की आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. एक गोष्ट राहिली आहे. ती सुनंदाला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि ज्याचं त्यात नुकसान झालं त्याला तर मुळीच माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आपली ओळख नाही. तरीही तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो — नाहीतर हे लिहून होणार नाही. मध्येच उठून गेलात तरी माझं काही म्हणणं नाही.

आधी माझं काम सांगतो. ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

मी पिंपळे गुरवला राहतो आणि चाकणला नोकरी करतो. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी आहे. मी क्वालिटीत आहे, म्हणजे मोजायला. लाइनवरून आलेला भाग ठरल्या मापाचा आहे की नाही, केसाच्या जाडीहूनही कमी फरक आहे का, ते बघायचं. बरोबर असेल तर जाऊ द्यायचा, चूक असेल तर अडवायचा. मी एकदा भरलेला ट्रक गेटवरून परत आणला होता. प्लांट हेड ओरडले, डिस्पॅचवाले पाया पडायचे बाकी होते, पण मी हललो नाही. तेव्हापासून कंपनीत एक बोलणं झालं — काकांनी सांगितलेला आकडा परत मोजायचा नसतो.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. उलट, हेच तर सगळ्यात वाईट आहे. माझा आकडा कुणी परत मोजला नाही.

याच नावामुळे मला मेडिक्लेम समितीवर घेतलं. दरवर्षी कामगारांच्या आरोग्य विम्याची पॉलिसी नवी होते, तेव्हा एचआर, विमा कंपनीचा माणूस आणि कामगारांतले आम्ही दोघं-तिघं बसतो. काय घ्यायचं, काय सोडायचं ते ठरतं. वर्षभर लोक माझ्याकडे क्लेम घेऊन येतात. काका, एवढं नाकारलं बघा. काका, हे का कापलं? मी पॉलिसी वाचतो. पूर्ण वाचतो, बारीक अक्षरांसकट. बरेच नाकारलेले क्लेम मी परत उघडायला लावलेत.

त्यातला एक इथं सांगावाच लागेल. असेंब्लीचा लाइन लीडर गायकवाड — इथलाच, खेड तालुक्यातला. त्याच्या मुलाची छाती वयात येताना बायकांसारखी वाढली. पोरगा शाळेत जाईना, शर्टाच्या आत दोन बनियन घालून बसायचा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. विमा कंपनीने लिहिलं — सौंदर्यवर्धक उपचार, देय नाही. मी डॉक्टरांकडून हार्मोनच्या तपासण्या मागवल्या, पत्र लिहिलं, परत लिहिलं, भांडलो. हा नटण्याचा विषय नाही, हा मुलगा जगू शकत नाहीये, असं मी त्या पत्रात लिहिलं होतं. क्लेम मंजूर झाला. गायकवाडने घरी येऊन माझ्या हातात नारळ दिला.

मग असं असताना — पण थांबा, निनाद अजून आलाच नाही.

निनाद लातूरकडचा. डिप्लोमा करून आमच्या क्वालिटीच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागला. लागला तेव्हा कंपनीच्या लेखी ती मुलगी होती. तेव्हाचं नाव मी लिहिणार नाही, त्याला ते ऐकवत नाही. केस कापलेले, सैल शर्ट, कामाला वाघ. त्याला खोली मिळत नव्हती, म्हणून माझ्या गच्चीवरची दिली. सामान आणलं त्याच दिवशी तो खाली आला, चपला काढून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "काका, एक सांगून टाकतो. नंतर कळलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मी मुलगा आहे. कागदावर अजून मुलगी आहे. खोली देणार का नाही ते आता सांगा."

मी वळून आत स्वयंपाकघराकडे बघितलं. सुनंदा आतून म्हणाली, "डबा आमच्याकडं लावणार की बाहेर?"

तो म्हणाला, "तुमच्याकडं लावला तर बरं होईल की ओ काकू."

"मग हात धुऊन घे. पिठलं केलंय."

एवढ्यावर तो विषय संपला. आमच्या गल्लीत तो मुलगा म्हणून राहिला, कंपनीत मुलगी म्हणून. आमच्या चौकातून कंपनीच्या बसला मी आणि तो, दोघंच चढायचो, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांची गाठ पडत नव्हती. बसची पायरी चढताना तो एक माणूस असायचा आणि सीटवर बसताना दुसरा. रोज. मी शेजारी बसून ते बघायचो. त्याला किती त्रास होत असेल हे मला कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

रात्री जेवताना तो बोलायचा. वाचलेलं फार होतं त्याचं. एकदा मी विचारलं, खरंच विचारलं, की हे ऑपरेशन वगैरे आत्ताच निघालं का रे? आमच्या लहानपणी असं काही नव्हतं. तर हसायला लागला. म्हणाला, काका, पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकांचे चेहरे भाजले, फाटले, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी कातडीची नळी करून दुसरीकडं जोडायचं तंत्र बसवलं. तेच तंत्र पुढं माझ्यासारख्या एका माणसाला पुरुषाचं शरीर द्यायला वापरलं. तेही तुमच्या जन्माच्या आधीच झालंय. बर्लिनला या विषयाचा एक दवाखाना होता, तो नाझींनी मोडला आणि त्यातली पुस्तकं चौकात जाळली. आणि आपल्याकडं? आपल्याकडं हिजड्यांमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय — त्यांच्यातलीच दाई कापायची, भूल न देता. वाचली ती वाचली.

सुनंदा म्हणाली, "जेवताना नको रे असलं."

तो म्हणाला, "काकू, जेवतानाच लोकांनी कधी बोलू दिलं नाही, म्हणून तर दवाखान्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली."

चाकणच्या पट्ट्यात प्रेस मशीनवर बोटं जाणं नवीन नाही. तुटलेलं बोट बर्फात घालून धावतात, प्लास्टिक सर्जन जोडतो, विमा पैसे देतो, कुणी हूं की चूं करत नाही. म्हणजे विद्या जुनी, डॉक्टर तेच, टाके तेच. गायकवाडच्या मुलाचं आणि निनादला हवं होतं ते छातीचं ऑपरेशनही जवळजवळ एकच. फरक एवढाच, की एकाला लोक आधीपासून मुलगा म्हणत होते.

हे मी त्या वेळी असंच्या असं मनात म्हटलं होतं. आज सुचलेलं नाही. मला सगळं समजत होतं — हे लक्षात ठेवा.

निनाद पुण्यात मानसोपचार डॉक्टरांकडे जात होता. तो कोण आहे याचं प्रमाणपत्र लागतं. मी चिडायचो — अरे, तू कोण आहेस हे दुसऱ्याने लिहून द्यायचं? तो म्हणायचा, असू द्या हो काका, ब्रेकच्या डिस्कलाही फायनल इन्स्पेक्शन असतंय की. पण हार्मोनची इंजेक्शनं त्याने सुरू केली नव्हती. सुरू केली की आवाज बदलणार, मिशी येणार, कंपनीत लपून राहणार नाही. तोवर छातीवर तो घट्ट पट्टा बांधायचा — बाइंडर म्हणतात त्याला. शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये तो खोल श्वास घ्यायचा प्रयत्न करायचा, आणि श्वास अर्ध्यातच अडकायचा. मला ऐकू यायचं.

मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होताच, आता कायद्यात उपचारांच्या खर्चासाठी विम्याचाही उल्लेख झाला. निनादने मला तो भाग वाचून दाखवला. आणि त्या वर्षी आमच्या हेड ऑफिसने सगळ्या प्लांटना कळवलं, की पॉलिसीत हे कलम घ्यायचं असेल तर घेता येईल. ज्या प्लांटला गरज आहे त्याने घ्यावं.

निनाद तेव्हा माझ्याकडे आला. गच्चीवर मी टाकीचा कॉक दुरुस्त करत होतो. तो पाना धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पैशाचं नंतर बघू. पण ते कलम आलं म्हणजे कंपनीनं मान्य केलं की असली माणसं असतात. मग मी स्वतः एचआरला जाऊन सांगतो. मला कागद पाहिजे हातात. कागद असला की मी कुणाला भीत नाही." मग पाना माझ्या हातात देत म्हणाला, "माझं नाव नका घेऊ. फक्त आहे एवढं म्हणा. गायकवाडांच्या पोरासाठी भांडला तसं नका भांडू, फक्त आहे म्हणा."

मी म्हणालो, "म्हणतो."

आता मीटिंग.

एचआरच्या मॅडम होत्या, विमा कंपनीचा टाय लावलेला माणूस होता, कामगारांच्या बाजूने टूलरूमचे शकीलभाई, गायकवाड आणि मी. बाकीचे मुद्दे झाले. मग टायवाला म्हणाला, "एक ॲड-ऑन आहे, जेंडर चेंज वगैरे. तुम्हाला लागणार नाही, पण वाचून दाखवावं लागतं."

मॅडम म्हणाल्या, "चेंज नाही. लिंगपुष्टी शस्त्रक्रिया आणि त्याआधीचे उपचार. नीट वाचा."

शकीलभाई म्हणाले, "मॅडम, इथं सेफ्टी शूजचा साइज बदलून मागितला तर दिवाळी उजाडते, आन् तुम्ही काय बदलून द्यायला निघालात राव."

सगळे हसले. मीही हसलो. विनोद चांगला होता, शकीलभाईंच्या मनात काही वाईटही नव्हतं. पण मी जरा जास्त हसलो.

गायकवाड म्हणाला, "आपल्याकडं कोण हाय असलं? सिग्नलवरचे काय ब्रेक बनवाया येणार हायेत व्हय?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काहीही आठवलं नाही. त्याच्या मुलासाठी मी लिहिलेली वाक्यं मला मात्र पाठ होती. ती तशीच्या तशी त्या टेबलावर ठेवली असती तरी पुरलं असतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं. "काका, सगळे तुम्हाला येऊन सांगतात. नाव नको, विभाग नको. फक्त आकडा सांगा. एक जरी असला तरी मी हे कलम घेते."

ऐकलंत ना? नाव नको म्हणाल्या. एक जरी असला तरी. यापेक्षा सोपं करून कुणी काय विचारायचं?

मी म्हणालो, "शून्य."

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली. काकांचा आकडा. टायवाल्याने पुढचं पान उघडलं.

हे आहे ते. यात मी कुणाला मारलं नाही, लुबाडलं नाही. एक शब्द बोललो, आणि तोही माझ्या कामातला.

मी का बोललो असा? यावर मी इतक्या वेळा डोकं आपटलंय की आता माझाच मला राग येतो. एक उत्तर असं, की आमच्या गेटवर मोठा बोर्ड आहे — अपघात शून्य, ग्राहकांच्या तक्रारी शून्य, परत आलेला माल शून्य. आमच्याकडे शून्य म्हणजे शाबासकी. वर्षानुवर्षं कुणीही काहीही विचारलं की तोंडातून आधी शून्य निघतं. बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, सवयीने निघून गेलं म्हणून. खोटं आहे ते. सवयीने निघालेला शब्द माणूस दुरुस्त करतो. त्यानंतरही मीटिंग चालूच होती. चहा आला, बिस्किटं आली. मी चहात बिस्किट बुडवलं आणि गप्प राहिलो.

खरं कारण असं. त्याच आठवड्यात माझ्या मुलीला बघायला तळेगाव दाभाड्याचे लोक येणार होते. त्यांनी मध्यस्थाला विचारलं होतं, वर कोण राहतं? मी सांगितलं होतं, कंपनीतला लातूरकडचा पोरगा. मीटिंगमध्ये "एक" म्हणालो असतो तर कुणी नाव विचारणार नव्हतं. पण मला वाटलं, लोक माझ्या तोंडाकडे बघतील आणि तोंडावरून घरापर्यंत येतील. लग्नाला कंपनीतली माणसं येणार, ती आपल्या लॅबमधल्या मुलीला पोरगा म्हणून पंगतीत वाढताना बघणार, आणि मग तळेगावकर काय म्हणतील? एवढंच. एवढ्यासाठी.

पुढचं ऐकून घ्या, म्हणजे माझी चिडचिड कळेल. स्थळ जमलं. लग्नाच्या आदल्या दिवशी निनादने स्वतःच जावयाला सगळं सांगून टाकलं — नातं सुरू होताना लपवाछपवी नको म्हणून. जावई मला म्हणाला, "पप्पा, त्यात काय एवढं?" आणि मंडपवाल्याला फोन लावायला निघून गेला. मी ज्या माणसाला घाबरून एकाचं शून्य केलं, त्या माणसाला या गोष्टीसाठी अर्धा मिनिटही द्यावासा वाटला नाही. मग मी नक्की कुणाला घाबरलो होतो?

मीटिंगच्या संध्याकाळी निनाद बसमध्ये माझी जागा धरून बसला होता. मी बसलो तसा तो माझ्याकडे वळला. आणि मी — इथं दुसरं खोटं येतं, पहिल्यापेक्षा मोठं — मी म्हणालो, "बोललो रे. खूप बोललो. नाही ऐकलं त्यांनी."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. भोसरी आल्यावर म्हणाला, "तुम्ही बोललात ना काका. आजपर्यंत कुणी बोललंच नव्हतं माझ्यासाठी." उतरल्यावर माझी डब्याची पिशवी त्याने स्वतःच्या हातात घेतली. घरी जाऊन सुनंदाला सांगितलं, काका आज भांडले. सुनंदाने त्या दिवशी शिरा केला. मी तो खाल्ला.

त्यानंतर निनादने ठरवलं की स्वतःच्या पैशाने करायचं. लॅबमध्ये ओव्हरटाइम नसतो, म्हणून त्याने लाइनवर बदली मागून घेतली. अर्जावर माझी शिफारस लागत होती. ती मी लगेच दिली. तेवढं तरी केलं म्हणून मला बरं वाटलं, बघा. लाइनवर भट्टीची धग, आणि पट्ट्याने आवळलेली छाती. सुनंदा म्हणायची, हा वाळत चाललाय. मी म्हणायचो, तरुण आहे, करू दे मेहनत.

उन्हाळ्यात एकदा तो लाइनवरच कोसळला. फर्स्ट एडच्या खोलीत नेलं. श्वास घेता येत नव्हता, म्हणून सिस्टरनी शर्ट उघडला, पट्टा कापला. सिस्टर चांगल्या होत्या, त्यांनी चादर टाकली. पण उचलून नेणारे दारातच उभे होते. शिफ्ट सुटायच्या आत सगळ्या शेडमध्ये बोलणं पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. का कोण जाणे, त्याच्या लॉकरकडे गेलो. कुलपाला एक टॅग बांधला होता. आमच्याकडे जो भाग धड चांगला म्हणता येत नाही आणि धड खराबही म्हणता येत नाही, त्याला पिवळा टॅग लावून बाजूला ठेवतात. त्यावर छापलेलं असतं — निर्णय बाकी. तो टॅग माझ्या विभागाचा. माझ्या कपाटातून जातात ते.

मी तो सोडवून खिशात टाकला. तक्रार केली नाही. कुणी लावला हे शोधणं मला अवघड नव्हतं. एक मायक्रॉनचा फरक कुठल्या मशीनवर आला हे मी काढतो, टॅग कुणी नेला हे काढता आलं नसतं? पण तक्रार म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे मॅडम, आणि मॅडम पहिला प्रश्न काय विचारणार? काका, तुम्ही तर शून्य म्हणाला होतात.

निनादने टॅग आधीच बघितला होता, हे मला मागाहून कळलं. त्याने राजीनामा दिला. खोली सोडताना गच्ची झाडून, फरशी पुसून गेला. सुनंदा रडली. मी रिक्षात सामान ठेवायला मदत केली. रिक्षा सुटताना तो म्हणाला, "काका, तुम्ही नसता तर मी याच्या आधीच गेलो असतो इथनं."

आज तो चेन्नईकडे आहे. तिकडेही गाड्यांचे कारखाने आहेत. तिकडच्या सरकारी दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं. बराच काळ रांगेत होता, पण झालं, नीट झालं. तमिळ शिकलाय. दिवाळीला फोन करतो तेव्हा आवाज भारदस्त येतो, सुनंदा मुद्दाम म्हणते, कोण साहेब बोलताय? त्याची आई लातूरला आजारी असते, आणि तो शेकडो मैलांवर. काकू, इकडं भाकरी मिळत नाही ओ, म्हणतो. मला कुणी म्हणेल, झालं की चांगलं, आता काय? मीही असंच म्हणून बरीच वर्षं काढली. पण तो गेला नव्हता, त्याला जावं लागलं. ज्या गोष्टीसाठी त्याला घर, भाषा, आई सोडून जावं लागलं, ती त्याला इथं मिळणार होती. मॅडम द्यायला बसल्या होत्या. अडवणारा कुणी नव्हता, मी सोडून.

हे मी आत्ता का लिहायला घेतलं, तेही सांगतो. गेल्या महिन्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. तिकडच्या कंपनीत त्याला नव्या मुलांसमोर बोलायला लावलं होतं. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत होता. म्हणाला, चाकणला माझे एक काका होते. मोठे अधिकारी नव्हते, साधे क्वालिटीतले होते. माझ्यासाठी ते मीटिंगमध्ये एकटे उभे राहिले, हरले, पण उभे राहिले. तुमच्या शेजारी कुणी असं असेल तर तुम्ही त्या काकांसारखे व्हा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सुनंदाने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. व्याह्यांचा तळेगावहून फोन आला, अभिमान वाटला म्हणाले. मी "हो, हो" म्हणालो. तिसरं खोटं म्हणायचं का ह्याला? मला आता मोजता येत नाही.

निनादला मी सांगितलेलं नाही. फोन उचलला होता, सांगणारही होतो, मग तब्येतीचं विचारून ठेवून दिला. हे छापून आलं तर तो वाचेल. तोंडाने सांगायचं ते असं दुसऱ्याच्या हातून कळवणं — हाही भित्रेपणाच आहे, हे मला कळतं.

परवा या वर्षीची मीटिंग झाली. मॅडम आता नाहीत, बदलून गेल्या. त्यांच्या जागी एक तरुण साहेब आलेत. शकीलभाई निवृत्त झाले. विमा कंपनीचा माणूसही वेगळा, पण टाय तसाच. ते कलम अजून ऐच्छिकच आहे. साहेबांनी मागच्या वर्षांचं बघितलं आणि म्हणाले, "इथं दरवर्षी शून्यच येतंय. काका, तुमच्या माहितीत कोणी?"

मी तोंड उघडलं. एक होता, एवढंच म्हणायचं होतं.

साहेब म्हणाले, "सध्या विचारतोय, काका. सध्या कोणी आहे?"

सध्या माझ्या माहितीत कुणी नाही. कुणी असेलही, आणि माझ्याकडे बघून गप्प बसला असेल. तो का बोलेल माझ्याशी? मी म्हणालो, "नाही." त्यांनी पान उलटलं, दातांच्या उपचारांचा मुद्दा आला.

आकडा या वेळी बरोबर होता. एकातून एक गेला, खाली शून्य उरलं. वजाबाकी मी केली होती.